मज्जातंतूंना विजेची हाक

मे महिन्यातले जबलपूर ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्या दिवसांचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. नर्मदेचे पात्र रोडावलेले असते, मदनमहालच्या टेकडीवरचे खडक तव्यासारखे तापलेले असतात आणि दुपारी रस्त्याने चालणारा धट्टाकट्टा मनुष्यही सावली शोधीत असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका मे महिन्यात, माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका तरुण मोजणीदाराविषयी माझ्याकडे तक्रार आली. शेताच्या बांधावर चालताना त्याचा तोल जातो, पाय अडखळतात, बोलताना जीभ जड होते, असे तीत म्हटले होते. पाहणाऱ्यांनी यावरून जो निष्कर्ष काढायचा तो काढला होता. आणि सांगावयास संकोच वाटतो, पण मीही तोच काढला. कामावर असताना मद्यपान केल्याबद्दल कारणे दाखवा, अशा नोटिशीचा मसुदा मी माझ्या हाताने दुरुस्त केला.

तो तरुण माझ्यासमोर येऊन उभा राहिला तेव्हा त्याने मेजाची कड घट्ट धरली होती. तो एवढेच म्हणाला, "साहेब, मी कधी घेतली नाही. पण मी असा का चालतो, ते मलाही सांगता येत नाही." पुढे काही महिन्यांनी नागपूरच्या एका तज्ज्ञांनी त्याच्या मेंदूचे चित्रण करविले आणि त्याच्या चालण्याचे कारण सापडले. त्या कारणाचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस. मी वैद्य नव्हे. शासनाचा एक सेवक आहे. परंतु त्या नोटिशीने माझ्या मनाला जी टोचणी लावली, तिच्यामुळे या व्याधीविषयी जे मिळेल ते मी वाचीत गेलो, जाणकारांना विचारीत गेलो. त्यातून जे समजले, विशेषतः शरीराला कोठेही छेद न देता, बाहेरून विजेचा सौम्य स्पर्श करून अशा रुग्णांना पुन्हा उभे करण्याचे जे प्रयत्न चालू आहेत त्यांविषयी जे समजले, ते आज सांगावयाचे आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. मज्जातंतूंना तारांची उपमा देण्याची जुनी चाल आहे, आणि जबलपूरकरांना ती मुळीच परकी वाटू नये. १९४२ सालापासून येथे दूरसंचार खात्यातील लोकांना शिक्षण देणारी मोठी संस्था आहे. आपल्या देशातील तारसेवा २०१३ साली बंद झाली. पण तारेवर वेष्टन का हवे आणि ते उसवले म्हणजे निरोपाचे काय होते, हे सांगू शकणारी वडीलधारी माणसे या गावात अद्याप भेटतात. मेंदूतून पायाच्या बोटापर्यंत जो निरोप जातो तो ज्या तंतूंवरून जातो, त्यांपैकी पुष्कळांवर मेदयुक्त द्रव्याचे वेष्टन असते. त्यास मायेलिन म्हणतात. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ व्हिर्खो याने १८५४ साली दिले. तंतूभोवती हे वेष्टन कागदाच्या गुंडाळीप्रमाणे थरावर थर चढलेले असते. मात्र ते सलग नसते. थोड्या थोड्या अंतरावर त्यात बारीक खंड असतात. निरोप एका खंडावरून पुढच्या खंडावर जणू उडी मारीत जातो आणि प्रत्येक खंडावर त्यास नवा जोर मिळतो. लांबच्या पल्ल्यावर क्षीण झालेला निरोप पुन्हा जोरदार करून पुढे पाठविणारी केंद्रे तारखात्यातही असत; तसेच हे. या रचनेमुळे वेष्टन असलेल्या जाड तंतूतून निरोप सेकंदास सुमारे १०० मीटरपर्यंतच्या वेगाने जाऊ शकतो. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूत हाच वेग सेकंदास सुमारे एक मीटर, म्हणजे माणसाच्या संथ चालीइतका असतो.

मल्टिपल स्क्लेरोसिस या व्याधीत शरीराची प्रतिकारशक्तीच बहकते. परक्या जंतूंवर चालून जावयाचे, ते सोडून ती मेंदू आणि मज्जारज्जू यांतील या वेष्टनावर चालून जाते. जेथे वेष्टन नष्ट होते तेथे पुढे कठीण व्रण उरतो. असे व्रण अनेक ठिकाणी असतात, म्हणून हे नाव. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को याने १८६८ साली या व्याधीचे पद्धतशीर वर्णन केले, आणि तेव्हापासून ती स्वतंत्र व्याधी म्हणून ओळखली जाऊ लागली. ती बहुधा वयाच्या विसाव्या ते चाळिसाव्या वर्षांच्या दरम्यान प्रकट होते, म्हणजे मनुष्य नोकरीत स्थिरावत असतो, मुले लहान असतात, तेव्हा. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण दुपटीहून कमी नाही. २०२० साली केलेल्या जागतिक गणनेप्रमाणे जगात असे सुमारे २८ लाख रुग्ण होते.

ही थंड देशांतील गोऱ्या लोकांची व्याधी, आपल्याकडे ती नाहीच, असा समज पुष्कळ काळ रूढ होता. तो समज दूर करणाऱ्यांत मुंबईचे मज्जातज्ज्ञ डॉ. नोशिर वाडिया यांचा उल्लेख आदराने केला पाहिजे. मुंबई आणि पुणे येथील पारशी समाजात ही व्याधी चांगलीच आढळते, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखविले. त्यापूर्वीच, १९८५ साली, मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू झाली होती. मेंदूचे चुंबकीय चित्रण करणारी यंत्रे जसजशी आपल्या शहरांतून येत गेली, तसतसे पूर्वी संधिवात, अशक्तपणा, मनाचा खेळ किंवा दारू या सदरांखाली जमा होणारे रुग्ण आपल्या खऱ्या नावाने ओळखले जाऊ लागले.

चुकीच्या सदराखाली जमा होण्याचे हे दुर्दैव केवळ सामान्यांच्याच वाट्यास येते असे नाही. जॅकलिन ड्यू प्रे ही चेलो वाजविणारी विख्यात इंग्रज कलावती. मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली १९७३ च्या फेब्रुवारीत तिने लंडनमध्ये वादन केले. त्याच सुमारास तिच्या बोटांची संवेदना नाहीशी होत चालली होती. तार कोठे आहे हे बोटांना कळेना, डोळ्यांनी पाहावे लागे. निदान झाले ते त्यानंतर, त्याच वर्षाच्या अखेरीकडे. त्या वेळी ती अवघी अठ्ठावीस वर्षांची होती. पुन्हा मैफलीत तिला वाजविता आले नाही.

आता माझ्या त्या मोजणीदाराचे पाय मे महिन्यातच अधिक का अडखळत, याचाही उलगडा होईल. वेष्टन झिजलेल्या तंतूतून निरोप कसाबसा पलीकडे पोचत असतो. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी तो वाटेत थांबू शकतो. श्रम केल्यावर अशा रुग्णांची दृष्टी मंदावते, हे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उथोफ याने १८९० साली नोंदवून ठेवले. शरीर निवले की शक्ती परतते. म्हणजे सकाळी नीट चालणारा मनुष्य भर दुपारी झोकांड्या खातो आणि संध्याकाळी पुन्हा नीट चालतो. पाहणाऱ्यास हे ढोंग तरी वाटावे किंवा व्यसन तरी. वस्तुतः तो उन्हाचा आणि उसवलेल्या वेष्टनाचा व्यवहार असतो.

या व्याधीवर औषधे आहेत. १९९३ साली अशा पहिल्या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्यानंतर अनेक औषधे आली. त्यांनी नवे आघात कमी होतात, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. पण जे वेष्टन गेले ते परत आणून देणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. मग गेलेल्या शक्तीचे काय करावे? या प्रश्नापाशी विजेचा संबंध येतो.

मज्जातंतू आणि वीज यांचे नाते फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गुस हा डोकेदुखीवर आणि पायाच्या वातावर विजेचा धक्का देणारा मासा लावावयास सांगत असे. इटलीतील बोलोन्या येथे गॅल्व्हानीने मृत बेडकाचे पाय विजेच्या स्पर्शाने कसे आखडतात ते पाहिले आणि १७९१ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५० साली हेल्महोल्ट्झ याने बेडकाच्या तंतूतील निरोपाचा वेग प्रत्यक्ष मोजला आणि तो विजेच्या वेगापेक्षा फारच कमी, सेकंदास तीसएक मीटर, निघाला. मज्जातंतूतील निरोप विद्युत्स्वरूप असला, तरी तो तांब्याच्या तारेतील प्रवाहासारखा आपोआप वाहत नाही. जिवंत पेशीच्या भित्तिकेत क्षणोक्षणी होणाऱ्या फेरफारांनी तो पुढे सरकतो. म्हणूनच त्वचेवर दोन पट्ट्या चिकटवून बाहेरून बेताचे स्पंद दिले, तर खालचा तंतू जागा होतो आणि मेंदूकडून निरोप आल्याप्रमाणेच वागतो.

या गुणाचा उपयोग दोन रीतींनी होतो. पहिली रीत बदलीवर माणूस नेमण्यासारखी आहे: मेंदूचा निरोप पोचत नाही, तर त्याच्या जागी यंत्राने निरोप द्यावयाचा. दुसरी रीत शिकवणीसारखी आहे: विजेच्या स्पंदांनी मेंदूस जागते ठेवावयाचे आणि त्याच वेळी व्यायाम करवून, उरलेल्या तंतूंवरून नवी वाट पाडावयास त्यास शिकवावयाचे.

पहिल्या रीतीचे उत्तम उदाहरण म्हणजे लोंबत्या पावलाचा उपाय. या रुग्णांपैकी अनेकांचा पाय उचलला जातो, पण पाऊल उचलले जात नाही. चवडा जमिनीवर घासतो, उंबऱ्यास अडतो आणि मनुष्य पडतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की आघात मेंदूत वा मज्जारज्जूत झालेला असतो. गुडघ्याखालचा तंतू आणि तेथील स्नायू धड असतात. लिबरसन या वैद्याने १९६१ साली, पक्षाघाताच्या रुग्णांसाठी, एक युक्ती प्रसिद्ध केली. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूस, जेथे तो तंतू हाडावरून वळसा घेत अगदी कातडीखालून जातो, तेथे पट्टी लावावयाची आणि टाचेखाली बुटात एक कळ बसवावयाची. टाच उचलली की कळ सुटते, स्पंद सुरू होतात आणि पाऊल वर उचलले जाते. टाच टेकली की स्पंद थांबतात. पुढे ही युक्ती मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांसही लागू करण्यात आली. इंग्लंडमधील आरोग्योपचारांची पारख करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २००९ साली, मेंदू वा मज्जारज्जूच्या व्याधीने लोंबणाऱ्या पावलासाठी ती वापरण्यास अनुकूल मत दिले. या यंत्राने व्याधी हटत नाही. चष्म्याने डोळा बरा होत नाही, पण चष्मा लावला म्हणजे वाचता येते; तितकेच हे.

दुसरी एक अडचण आहे, जिच्याविषयी आपल्या घरांतून मोठ्याने बोलले जात नाही. ती लघवीच्या आवरता न येणाऱ्या घाईची. या एका भीतीमुळे कित्येक स्त्रिया लग्नकार्यास जाणे सोडतात, प्रवास सोडतात आणि पाणी पिणेही कमी करतात. आणि त्याने दुसरे विकार ओढवून घेतात. पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूने जो तंतू जातो, त्याची मुळे मज्जारज्जूच्या ज्या भागात आहेत त्याच भागातून मूत्राशयाचाही कारभार चालतो. त्यामुळे घोट्यापाशी पट्ट्या लावून अर्धा तास सौम्य स्पंद दिले, आणि असे काही आठवडे केले, तर पुष्कळांची ही घाई कमी होते. हे घरीही करता येते, परंतु पट्टी कोठे आणि किती जोराने लावावी हे तज्ज्ञाकडून शिकून घेतल्यावरच. ज्यांना ही व्यथा आहे त्यांनी संकोच सोडून आपल्या डॉक्टरांस विचारावे, एवढेच मी म्हणेन.

आता दुसऱ्या रीतीकडे वळू. तिची कथा एका म्हाताऱ्या प्राध्यापकापासून सुरू होते. पेद्रो बाक-इ-रीता हे न्यूयॉर्कमध्ये अध्यापन करीत असत. १९५९ साली त्यांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. वैद्यांनी आशा सोडली. तेव्हा त्यांच्या एका मुलाने त्यांना तान्ह्या मुलाप्रमाणे पहिल्यापासून शिकविण्यास आरंभ केला. आधी भिंतीच्या आधाराने रांगणे, मग बसणे, मग उभे राहणे. घरातलीच लहानसहान कामे पुनःपुन्हा करविणे. वडील पुन्हा शिकवू लागले, आणि काही वर्षांनी डोंगर चढत असताना हृदयविकाराने वारले. त्यांच्या मेंदूची तपासणी झाली तेव्हा दिसले, की झालेली हानी मोठी होती आणि ती मुळीच भरून आलेली नव्हती. उरलेल्या भागानेच गेलेल्या भागाचे काम उचलले होते. हे पाहून दुसरा मुलगा, डॉ. पॉल बाक-इ-रीता, याने आपले आयुष्य मेंदूच्या या शिकण्याच्या शक्तीच्या अभ्यासास वाहिले. १९६९ साली त्याने खुर्चीच्या पाठीत कंप पावणारे ४०० बिंदू बसवून, अंध माणसास पाठीच्या कातडीने आकृती ओळखता येतात असे दाखविले.

पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाठीऐवजी जीभ निवडली. जीभ सदैव ओली असते, तीवरील त्वचा पातळ असते आणि तंतूंची दाटी फार असते. त्यामुळे अगदी अल्प विजेने काम भागते. जिभेच्या संवेदना वाहून नेणारे तंतू थेट मेंदूच्या बुंध्याशी जातात, आणि तोल सांभाळणारी केंद्रे तेथून दूर नाहीत. डॉ. पॉल २००६ साली वारले. त्यांच्या सहकाऱ्यांनी जिभेवर ठेवावयाची १४३ सूक्ष्म विद्युत्-अग्रे असलेली पट्टी तयार केली. ती तोंडात धरून वीस वीस मिनिटे तोल सांभाळण्याचे आणि चालण्याचे व्यायाम करावयाचे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगात मल्टिपल स्क्लेरोसिसचे वीस रुग्ण घेतले होते. निम्म्यांस खरे स्पंद दिले, निम्म्यांस केवळ देखाव्याचे. व्यायाम मात्र सर्वांनी चौदा आठवडे केला. ज्यांना खरे स्पंद मिळाले त्यांची चाल अधिक सुधारली. २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, या व्याधीची सौम्य ते मध्यम लक्षणे असलेल्या, बावीस वर्षांवरील रुग्णांच्या चालीसाठी या उपकरणास परवानगी दिली. परवानगीची शब्दरचना मात्र प्रत्येकाने ध्यानात धरावी अशी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीने, काही मर्यादित काळ, आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावयाच्या व्यायामाची जोड म्हणून ते वापरावयाचे आहे. मुख्य तो व्यायाम. वीज ही त्याची जोड.

मला या साऱ्या विषयाचे सार त्या एका शर्तीत दिसते. देखाव्याचे स्पंद मिळालेल्या रुग्णांचीही चाल काही अंशी सुधारलीच होती. कारण त्यांनीही व्यायाम केला होता. शिवाय वीस रुग्णांचा प्रयोग हा लहानच म्हटला पाहिजे. त्यावरून आशा धरावी, दवंडी पिटू नये. मेंदू शिकतो तो करण्याने. बाहेरची वीज फार तर विद्यार्थ्यास जागे ठेवील. धडा त्यासच गिरवावा लागतो. हे सांगण्याचे कारण असे, की पंगुत्व आलेल्या घराचा दरवाजा यंत्रे विकणाऱ्यांस फार लवकर सापडतो. माझ्या त्या सहकाऱ्याच्या वडिलांनीही एक विजेचा पट्टा विकत घेतला होता. कमरेस बांधावा आणि पडून राहावे, एवढेच करावयाचे होते. मुलाच्या उपचारासाठी ठेवलेली रक्कम त्या पट्ट्यात गेली. पाय होते तसेच राहिले, आणि पडून राहण्याने उरलेले बळही उणावले. जे यंत्र आपणास काहीच करावयास सांगत नाही, त्याकडे संशयानेच पाहावे. ज्यांच्या छातीत हृदयाचे ठोके नियमित करणारे यंत्र बसविलेले आहे, ज्यांना फेफरे येते, ज्या स्त्रिया गर्भवती आहेत, किंवा ज्यांच्या त्वचेस स्पर्श कळत नाही, त्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय असे कोणतेही उपकरण लावू नये.

आणि व्यायाम म्हणजे थकेपर्यंत धापा टाकणे नव्हे. आपल्या हवेत तो पहाटे किंवा पंख्याखाली, मधून मधून विसावा घेत, अंगावर ओला पंचा टाकून करावा. थकवा हे या व्याधीचेच एक लक्षण आहे. त्यास आळस समजून रुग्णास टोचून बोलणे यासारखा अन्याय नाही.

आता माझ्या नोटिशीचे काय झाले ते सांगतो. ती मी मागे घेतली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा नावानिशी समावेश आहे. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या शासकीय कर्मचाऱ्यास काढता येत नाही किंवा खालच्या पदावर उतरविता येत नाही. पूर्वीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवावे, असे त्या कायद्याचे विसावे कलम सांगते. वीस वर्षे फायली चाळणाऱ्या मला ते कलम त्या दिवसापर्यंत वाचण्याची वेळ आली नव्हती. आज तो तरुण तळमजल्यावरील नकाशांच्या दालनात काम करतो. गुडघ्याखाली पट्टी बांधून, पत्नीच्या सोबतीने, उन्हे चढण्यापूर्वी ग्वारीघाटाच्या रस्त्यावर तो रोज चालतो. त्याची व्याधी गेलेली नाही. काही महिने बरे जातात, काही वाईट. परंतु पूर्वी तो उंबऱ्यास अडखळत असे. आता बहुधा अडखळत नाही. शिवाय जुन्या मोजणीचे नकाशे त्याच्याइतके अचूक वाचणारा दुसरा कोणी आमच्या कचेरीत नाही.

शास्त्र पुढे जाईल. गेलेले वेष्टन पुन्हा चढविणारे औषधही कदाचित निघेल. तोपर्यंत विजेचा हा सौम्य स्पर्श, रोजचा व्यायाम आणि घरच्यांचा धीर यांच्यावरच भिस्त आहे. यांपैकी पहिली गोष्ट तज्ज्ञांच्या हाती आहे आणि दुसरी रुग्णाच्या; तिसरी मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे. रस्त्यात कोणी झोकांडी खाताना दिसले, तर तोंड फिरविण्यापूर्वी किंवा कागद काळे करण्यापूर्वी जवळ जावे आणि हात द्यावा. विचारपूस मागाहूनही करता येते.